आडवाटेचे जुने गेम कन्सोल : पहिला कोणता घ्यावा?

जुने गेम कन्सोल जमवणारी बहुतेक माणसं एकाच रस्त्याने जातात. आधी लहानपणी खेळलेला किंवा मित्राकडे हावरटासारखा बघितलेला एखादा प्रसिद्ध कन्सोल घरात येतो. मग त्याचा मोठा भाऊ, मग त्याचा प्रतिस्पर्धी. आणि एके रात्री कुठेतरी व्हेक्ट्रेक्स नाहीतर वंडरस्वान अशा फारसं नाव न ऐकलेल्या कन्सोलचा फोटो दिसतो आणि झोप उडते. हे काय प्रकरण आहे? हे आपल्याला इतकी वर्षं माहीत कसं नव्हतं? त्या रात्रीनंतर सकाळी काय करायचं, ते पुढे लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. प्रसिद्ध कन्सोल निवडताना ‘त्यावर गेम कुठले’ एवढं बघितलं तरी भागतं, कारण बाकीचं सगळं मिळतं: केबल, सुटे भाग, दुरुस्त करून देणारे हात. आडवाटेच्या यंत्राचं तसं नसतं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला एक जुनाट दुखणं असतं आणि ते दुखणं यंत्रासोबत तुमच्या घरी येतं. गेम आवडले म्हणून आपण यंत्राकडे वळतो हे खरं, पण निवड दुखणं बघून करावी. मी हे उलट्या क्रमाने शिकलो.

पायरी १ : खेळायचंय की मांडायचंय?

दोन्ही हौशी चांगल्याच, पण त्यांची खरेदी वेगळी असते. १९७६ चा फेअरचाइल्ड चॅनल एफ घ्या. जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेला हा कन्सोल म्हणजे रॉम कार्ट्रिज, म्हणजे गेमची चिप असलेली डबी, बदलून गेम बदलता येणारा पहिला कन्सोल. पुढचं सगळं जग त्याच कल्पनेवर उभं राहिलं. पण त्यावर रोज संध्याकाळी बसून खेळाल का? मला नाही वाटत. तासाभरात मन भरतं. तो हातात घेऊन बघण्याचा, पाहुण्यांना गोष्ट सांगण्याचा कन्सोल आहे. कॅसिओचा १९९५ चा लूपी त्याच जातीचा. त्यात स्टिकर छापणारा प्रिंटर आहे. गंमत मोठी, पण गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

मांडायला घेणाऱ्याने खोका, माहितीपुस्तिका, आतली पॅकिंगची चौकट हे सगळं बघावं. खेळायला घेणाऱ्याने नेमकं उलट करावं. ओरखडे पडलेला, पिवळा झालेला, खोका हरवलेला पण आतून धडधाकट कन्सोल हा त्याच्यासाठी सोन्याचा तुकडा. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं त्याचा यंत्राच्या तब्येतीशी काही संबंध नसतो. इथून पुढचं सगळं मी खेळणाऱ्यांसाठी लिहितोय.

पायरी २ : तीन गेमची नावं कागदावर लिहा

यंत्राचं नाही, गेमचं नाव. तीन लिहिता आली नाहीत तर अजून वेळ आलेली नाही. हा नियम अटारी जॅग्वारने मला शिकवला. १९९३ मध्ये तो ‘६४ बिट’ अशी दवंडी पिटत आला. ‘टेम्पेस्ट २०००’ हा त्यावरचा गेम आजही अंगावर काटा आणतो. ‘एलियन व्हर्सेस प्रेडेटर’ चांगला आहे. तिसरं नाव लिहायला मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो होतो. कार्ट्रिजवरचे एकूण गेम पन्नासेक, त्यातले पुन्हा पुन्हा लावावेसे वाटतील असे थोडेच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ज्याला टेम्पेस्टच हवाय त्याने खुशाल घ्यावा. पण फक्त तो आकडा वाचून भुलू नये.

नावं लिहून झाली की ते गेम आधी इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळा. मेडनाफेन नावाचा एकच मोफत प्रोग्राम पीसी इंजिन, पीसी-एफएक्स, वंडरस्वान, निओ जिओ पॉकेट, लिंक्स, व्हर्च्युअल बॉय असे आपल्या कामाचे बरेच कन्सोल चालवतो. प्रत्येक गेमला निदान दोन तास द्या. गेमच्या फायली कुठून आणि कशा मिळवता येतात याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, तेवढं बघून घ्या. दोन तासांनी कंटाळा आला तर यंत्र विकत घेऊन तो जाणार नाही. हा उपाय फक्त दोन ठिकाणी फसतो: व्हेक्ट्रेक्स आणि व्हर्च्युअल बॉय. त्यांची सगळी मजा पडद्यात आहे आणि तो पडदा संगणकावर उतरत नाही.

याच वेळी भाषेची परीक्षा होऊन जाते. आडवाटेचे पुष्कळ कन्सोल जपानबाहेर गेलेच नाहीत. उडत्या विमानांचे, मारामारीचे, कोड्यांचे गेम जपानी न येताही मस्त चालतात. पण एनईसीचा १९९४ चा पीसी-एफएक्स, तो टेबलावर उभा ठेवायचा छोट्या संगणकासारखा डबा, मुख्यतः ॲनिमेच्या चित्रफिती आणि संवादांवर चालतो. गेम साठेक. भाषा येत नसेल तर तुम्ही सुंदर चित्रांचा मुका सिनेमा बघत बसाल.

पायरी ३ : चित्र कशावर उमटणार?

जुन्या कन्सोलची तार नव्या टीव्हीला लावली आणि चित्र आलं, तरी काम संपलं असं नाही. त्या काळचे बहुतेक कन्सोल एका वेळी साधारण २४० ओळींचं चित्र पाठवत. पिक्चर ट्यूबच्या डबा टीव्हीला ते आवडायचं. नवा सपाट टीव्ही मात्र त्याला ४८० ओळींच्या चित्राचा अर्धा भाग समजतो आणि दोन अर्धी जोडायला जातो. त्यात कडा भुरकट होतात, लुकलुकणाऱ्या सावल्या गायब होतात. सगळ्यात वाईट म्हणजे बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. तुम्हाला वाटतं हात बसला नाही; खरं तर टीव्ही विचार करत असतो.

उपाय दोन. जागा असेल तर डबा टीव्ही ठेवा. नसेल तर रेट्रोटिंक किंवा ओएसएससीसारखा अपस्केलर मध्ये लावा, तो त्या २४० ओळी ओळखून नीट मोठ्या करतो. कन्सोल निवडताना त्याची तार कुठली हेही बघा. फक्त आरएफ, म्हणजे अँटेनाच्या भोकातून चित्र देणारी यंत्रं सगळ्यात तापदायक. पहिला पांढरा पीसी इंजिन फक्त आरएफ देतो, तर १९८९ चा कोअरग्राफ्क्स साधी एव्ही तार घेतो. आतून भावंडंच, पण नवख्याने कोअरग्राफ्क्सच घ्यावा. कंपोझिटपेक्षा, म्हणजे त्या साध्या एव्ही तारेपेक्षा, एस-व्हिडिओ बरं, त्याहून तिन्ही रंग वेगवेगळे पाठवणारं आरजीबी बरं.

हे सगळं नको असेल तर हातात धरायचा कन्सोल घ्या. पडदा त्याचा त्यालाच आहे.

पायरी ४ : दुखणं ओळखा

इथे थोडा वेळ थांबू, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही इथेच जातात.

सगळ्यात सार्वत्रिक दुखणं कपॅसिटरचं, म्हणजे सर्किटवर वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या मध्यापर्यंत सर्किटवर चिकटवलेले छोटे, गोल, चांदीच्या डब्यांसारखे कपॅसिटर वापरले गेले. त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षं झिरपतो आणि खालचं तांबं खातो. सेगा गेम गिअर, पीसी इंजिन ड्युओ, कमोडोरचा अमिगा सीडी३२ ही त्याची नेहमीची गिऱ्हाइकं. लक्षणं ठरलेली: आधी आवाज बारीक होतो, मग पडदा अंधारतो, मग एके दिवशी काहीच नाही. अशा सर्किटला सोल्डरिंगची तापलेली सळई लावली की सडक्या मासळीसारखा वास येतो. एकदा नाकात बसला की पुढे तो ओळखायला चष्मा लागत नाही. हे सगळे कपॅसिटर बदलता येतात, पण हात बसलेला असावा लागतो. म्हणून जाहिरातीत ‘उत्तम चालतो’ असं लिहिलेलं असेल तर मी पुढे जातो. ‘कपॅसिटर बदललेले आहेत’ असं लिहिलेलं असेल आणि सोबत सर्किटचा फोटो असेल तर थांबतो.

दुसरं दुखणं सीडीच्या यंत्रांचं. लेझर म्हातारा होतो, गिअर झिजतात. थ्रीडीओ, निओ जिओ सीडी, फिलिप्सचा सीडी-आय, जॅग्वारला वर बसणारा सीडीचा जोड हे सगळे एका फिरत्या भागावर अवलंबून आहेत. नव्याने बनवलेली, सीडी ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड वाचणारी सर्किटची पाटी काही यंत्रांना मिळते. तसा उपाय उपलब्ध आहे का, हे खरेदीआधी शोधा, नंतर नाही. सीडी-आयच्या अनेक मॉडेलांत आणखी एक खोच आहे. गेम साठवणाऱ्या चिपच्या आतच बॅटरी बंद केलेली आहे. ती संपली की साठवलेलं सगळं जातं आणि बदलायची म्हटलं तर चिपच कापावी किंवा बदलावी लागते. दुष्काळात तेरावा महिना.

हातातल्या कन्सोलमध्ये पडदा आधी जातो. पडद्यावरची ध्रुवीकरणाची फिल्म खराब झाली की कडेने डाग पसरत आत येतात. वंडरस्वानमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. सुदैवाने वंडरस्वान, निओ जिओ पॉकेट कलर, लिंक्स यांना आता नवे उजळ पडदे बसवता येतात.

व्हर्च्युअल बॉयचं दुखणं तर एखाद्या वैद्याने वहीत टिपून ठेवावं असं आहे. निन्टेन्डोने १९९५ मध्ये आणला आणि वर्षभराच्या आत गुंडाळला. जगभर मिळून गेम फक्त २२. डोळ्यांसमोरच्या लाल दिव्यांच्या पट्टीला जोडणारी चपटी तार आत सोल्डर न करता चिकटवलेली आहे. डिंक सुटत जातो आणि चित्रातल्या आडव्या रेघा एकेक करत नाहीशा होतात. गरम केलं की काही दिवस परत येतात, मग पुन्हा जातात. कायमचा इलाज म्हणजे ती तार सोल्डर करणं. ते झालेलं नसेल तर ‘सध्या चित्र छान आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही.

कंट्रोलरही तपासा. मॅटेलच्या पहिल्या इंटेलिव्हिजनचे कंट्रोलर यंत्रातच कायमचे जोडलेले आहेत. एक बिघडला की दुसरा आणून खोचता येत नाही, यंत्र उघडावं लागतं.

पायरी ५ : ॲडॉप्टर

माझ्या हातून एक यंत्र मेलंय, तेही विकणाऱ्याच्या नाही, माझ्याच चुकीने. ॲडॉप्टरशिवाय आलं होतं. धीर धरवेना. खणात एक जुना ॲडॉप्टर सापडला. ९ व्होल्ट हवे होते, त्यावर ९ लिहिलेलं होतं. पीनही अलगद बसली. बटण दाबलं, लाल दिवा क्षणभर लागला आणि जळक्या रबराचा वास आला. नंतर भिंग घेऊन वाचलं, तेव्हा ‘आउटपुट’ या शब्दापुढे बारीक अक्षरांत ‘एसी’ होतं. यंत्राला डीसी हवं होतं.

म्हणून ॲडॉप्टरवर चार गोष्टी वाचायच्या आणि चारही जुळल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एसी की डीसी. व्होल्ट किती. अँपिअर किमान तेवढे, जास्त चालतील. आणि पिनेचा आतला भाग धन की ऋण. आजचे बहुतेक ॲडॉप्टर आतून धन असतात, तर त्या काळच्या बऱ्याच जपानी यंत्रांना आतून ऋण लागतं. एकाच घरातल्या यंत्रांवरही विसंबू नका. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला आतून ऋण हवं, दुसऱ्याला आतून धन. वापरलेला ॲडॉप्टर असेल तर मल्टीमीटर या वीज मोजायच्या यंत्राने एकदा मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि यंत्र थेट भिंतीतली वीज घेणारं असेल तर ते ज्या देशातून आलंय तिथली वीज किती व्होल्टची, ते बघा.

मग घ्यावा कोणता?

सोल्डरिंग येत नाही, इंग्रजीवर भागवायचंय, लगेच खेळायचंय, असं असेल तर माझं मत निओ जिओ पॉकेट कलरला. १९९९ चा. दोन पेन्सिल सेल आणि घड्याळासाठी एक बटण सेल. अंगठ्याखालची छोटी काडी प्रत्येक दिशेला टिक्‌टिक्‌ वाजते आणि मारामारीच्या गेममध्ये तिच्यासारखं दुसरं काही नाही. बरेच गेम कन्सोलच्या भाषेच्या सेटिंगनुसार स्वतःच इंग्रजी किंवा जपानी होतात. एसएनके आणि कॅपकॉम या दोन गेम कंपन्यांची पात्रं भिडतात तो ‘मॅच ऑफ द मिलेनियम’ आणि त्यांचाच पत्त्यांचा गेम, दोन नावं झालीच, तिसरं सोनिकचं. फक्त त्याला मागून उजेड नाही, दिव्याखाली बसून खेळावं लागतं.

वंडरस्वान त्याच वर्षी बांडाईने आणला. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई यांनी त्याच्या रचनेत हात घातला होता. यंत्र बाजारात येण्याआधीच, १९९७ मध्ये, ते अपघातात गेले. त्यांच्या नावावरून ‘गुनपे’ हा कोड्याचा गेम आला. एका पेन्सिल सेलवर तो दिवसचे दिवस चालतो. आडवा धरा नाहीतर उभा, त्यासाठी दिशांच्या बटणांचे दोन संच आहेत. घ्यायचा तर २००० चा कलर किंवा २००२ चा स्वानक्रिस्टल घ्या. क्रिस्टलचा पडदा जास्त चांगला. हेडफोनसाठी वेगळा जोड लागतो, तो हरवलेलाच असतो असं धरून चाला.

टीव्हीवर खेळायचं असेल तर पीसी इंजिन, म्हणजे कोअरग्राफ्क्स. १९८७ साली आलेल्या या घराण्याचे गेम बँकेच्या कार्डाएवढ्या हूकार्डवर येतात. फिरणारा भाग नाही, धूळ सोडली तर बिघडायला काही नाही. त्यातला प्रोसेसर ८ बिटचा, पण चित्रं बघून विश्वास बसत नाही. एकच सावधगिरी: अमेरिकेत हेच यंत्र टर्बोग्राफ्क्स-१६ नावाने विकलं गेलं आणि दोन्हीकडच्या कार्डांतल्या तारांचा क्रम वेगळा आहे, त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्यात चालत नाही. कंट्रोलर लावायला भोकही एकच. बॉम्बरमॅन हा गेम पाच जणांत खेळायचा तर मल्टीटॅप, म्हणजे एका भोकात अनेक कंट्रोलर लावायचा जोड, लागेल, आणि बॉम्बरमॅन एकट्याने खेळणं हे पाप आहे. सीडीचे गेम खुणावतील, पण सीडीचा जोड किंवा ड्युओ दुसऱ्या वर्षी.

व्हेक्ट्रेक्सची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये आला, १९८४ मध्ये संपला. नऊ इंची पडदा त्याच्या अंगातच आहे, म्हणजे तिसऱ्या पायरीतली कटकटच नाही. ठिपके जुळवून चित्र न काढता प्रकाशाची रेघ थेट ओढतो. काळ्या पडद्यावर त्या रेघा अशा धारदार चमकतात की पहिल्यांदा बघणारा हमखास काचेला बोट लावायला जातो. रंगासाठी पडद्यावर रंगीत प्लास्टिकच्या पाट्या अडकवायच्या. ‘माइन स्टॉर्म’ हा गेम यंत्रातच आहे, म्हणजे एकही कार्ट्रिज नसताना खेळ सुरू. थोडी गुणगुण ऐकू येते, ती जन्मजात आहे, तिच्यावर उपचार करू नका. पण हा पिक्चर ट्यूबचा कन्सोल आहे. बंद केल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज शिल्लक राहू शकतं, त्यामुळे त्याचं झाकण नवख्याने उघडायचं नाही.

पहिल्या खेपेला टाळावेत असे: व्हर्च्युअल बॉय, सीडी-आय, जॅग्वारचा सीडी जोड, आणि निओ जिओ एईएस. शेवटच्यात दोष नाही. आर्केडमधला गेम जसाच्या तसा घरी आणणारं ते यंत्र आहे. पण कार्ट्रिज इतकी महाग की नकलांचा सुळसुळाट झालाय. आतली सर्किटची पाटी बघून खरं-खोटं ओळखता येईपर्यंत लांबून नमस्कार. निओ जिओ सीडीवर तेच बरेचसे गेम स्वस्तात मिळतात, फक्त गेम चढेपर्यंत चहा होतो.

विकणाऱ्याला काय विचारायचं

फोटो नको, व्हिडिओ मागा. त्यात बटण दाबण्यापासून गेम सुरू होईपर्यंतचं सगळं एका सलग तुकड्यात हवं, आवाजासकट. हातातला कन्सोल असेल तर पडदा तिरपा करून आणि सेलच्या कप्प्याचं झाकण काढून दाखवायला सांगा. स्प्रिंगवर हिरवा-पांढरा बुरा असेल तर सेल आत गळलेले आहेत. आधी कोणी उघडला होता का, हेही विचारा. ‘हो, दुरुस्त केलाय’ हे उत्तर वाईट नाही. ‘माहीत नाही’ हे जास्त वाईट. ‘तपासायला तार नव्हती, पण चालत असावा’ असं म्हणणाऱ्याचा कन्सोल बिघडलेलाच धरा आणि तेवढेच पैसे द्या.

घरी आल्यावर

लगेच गेम खोचू नका. कार्ट्रिजच्या धातूच्या दातांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवा. ती काळी होईल. दुसरी घ्या, तीही काळी होईल. तिसरी किंवा चौथी पांढरी निघाली की कार्ट्रिज तयार. ‘चालत नाही’ म्हणून आलेले निम्मे गेम इथेच जिवंत होतात. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ धातूला गंजवते. महिनाभर खेळणार नसाल तर सेल काढून ठेवा. उघडायची वेळ आली तर काही कंपन्यांचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघत नाहीत. निन्टेन्डो आणि सेगासाठी ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे खास बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची टोकं, मिळतात, तेच वापरा, स्क्रूचं डोकं घासून ठेवू नका.

वंडरस्वान घेतला असेल तर स्टार्टचं बटण दाबून धरून तो चालू करा. सेटिंगचं पान उघडतं. त्यात मालकाचं नाव, जन्मतारीख आणि चक्क रक्तगट भरायची जागा आहे, आणि सेल काढला तरी ते पुसलं जात नाही. माझ्या यंत्रात कुणा जपानी मुलाचं नाव निघालं. तारखेवरून तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा असावा, रक्तगट ओ. मी अजून ते बदललेलं नाही. यंत्र चालू केलं की आधी त्याचं नाव येतं, मग माझा खेळ सुरू होतो.